आर्वीचं वाजणारं पुस्तक

९ जाने., शुक्र.
सुट्टी. सकाळी डोळे उघडायच्या आत आर्वी पुस्तक घेऊन माझ्या छातीवर. मावशीने वाढदिवसाला दिलेलं, जाड पुठ्ठ्याची पानं. दर पानावर एक वाद्य, खाली दोन ओळींचं गाणं, कडेला बटण. बटण दाबलं की ते वाद्य वाजतं. चार वर्षांची पोर, अक्षर एक येत नाही, पण पुस्तक सगळं पाठ. तबल्याला "मनी म्हणते, पुन्हा वाजवा" आहे, मी "मनी म्हणते, झोपू द्या" म्हटलं तर माझ्या तोंडावर हात ठेवला.
आठ वाद्यं आहेत. मी वाजवतो तो बेंजो नाही. अख्ख्या मोरिवलीत बेंजोशिवाय हळद लागत नाही आणि यांच्या पुस्तकात वीणा. वीणा कोणाच्या हळदीला बघितली?

११ जाने., रवि.
घुंगराच्या पानाचं बटण गेलं. "पायात बांधलं इवलं घुंगरू, छुमछुम नाचे काळं कोकरू." दाबलं, काही नाही. आर्वी तरी नाचते, पाठ झालंय म्हणून. निशाला म्हटलं, महिनाभरात बंद, आजकाल माल कसला देतात. निशाच्या बहिणीने उल्हासनगरातून घेतलंय. शुक्रवारी बदलून आणतो.
सेकंड शिफ्ट. कंपनीच्या प्रेस शॉपमध्ये पत्रा दाबायची नवीन डाय लावली, शिफ्टभर ठोक ठोक.

१६ जाने., शुक्र.
उल्हासनगर. दुकानदाराने बटण दाबलं. "बज तो रहा है, साईं."
"किधर बज रहा है?"
परत दाबलं. माझ्या कानाशी धरून दाबलं. मग काउंटरवरच्या मुलीला दिलं. ती म्हणाली, वाजतंय ना काका, छुन छुन. मला वाटलं दोघं मिळून मला बनवतायत, बदलून द्यायला नको म्हणून. आवाज चढवला मी. तेवढ्यात शेजारच्या बाईच्या कडेवरचं बाळ मान वळवून पुस्तक शोधायला लागलं. मुलगी बटण दाबेल तेव्हा वळायचं, सोडलं की परत आईच्या खांद्यावर.
बाळाला काय पडलंय मला बनवायचं.
पुस्तक पिशवीत टाकून निघालो. निशाला सांगितलं, दुकान बंद होतं.

१८ जाने., रवि.
निशा पैंजण घालायची बंद झाली असं मी धरून चाललो होतो. वर्ष तरी झालं असेल. वाटलं पोर झाल्यावर बायका सोडतात. आज ती लादी पुसत होती तेव्हा पाय बघितले. आहेत पैंजण. चालली, वळली, बादली उचलली. मला एक घुंगरू ऐकू नाही आलं.
बाळादा गेल्या सीझनपासून ओरडतोय, "ट्रेबल किती वाढवतंस रं? लोकांचं कान फाटतान." चुलतभाऊ असला तरी बेंजो पार्टी त्याची, म्हणून ऐकून घेत होतो. मनात म्हणायचो, बारीक सूर दबलेत, वाढवायलाच हवेत, याला सुरातलं काय कळतं.

२० जाने., मंगळ.
बदलापूरला कानाच्या डॉक्टरकडे. अंबरनाथमध्ये दर दवाखान्यात ओळखीचं कोणीतरी बसलेलं असतं. तपासणी झाली. बारीक, वरचे आवाज गेलेत, दोन्ही कानांतले. बोलणं ऐकू येतं म्हणून इतके दिवस कळलं नाही.
काम काय? प्रेस शॉप. कानात प्लग घालता? कंपनी देते, सगळे गळ्यात लटकवतो, मीपण. आणखी काही? बेंजो. स्पीकर किती लांब असतो? पाठीला.
डॉक्टरने कागदावर लिहून घेतलं. मग, "गेलेलं परत येत नाही. राहिलंय ते सांभाळा. मशीनवर प्लग घाला. आणि बेंजो बंद करता आला तर बघा."
मशीन बंद करता आलं तर बघा, असं नाही म्हणाला. बेंजो मी शाळेत असल्यापासून वाजवतोय. राग आला. त्याचा नाही. कोणाचा ते रिक्षात बसेपर्यंत ठरेना.
घरी सांगितलं नाही.

२३ जाने., शुक्र.
आर्वीने पुस्तक आणलं. घुंगराच्या पानावर माझ्याकडे बघितलं. म्हटलं, बॅटरी कमी झालीय बाळा, मला नाही येत ऐकू. तर बटण दाबून स्वतःच तोंडाने मोठ्यांदा "छुम छुम छुम". मग विचारते, "आता आलं?"
आलं म्हटलं.

३० जाने., शुक्र.
आठवडा झाला, आर्वीचा एकच हट्ट. पुस्तकात पप्पांचं पान पाहिजे. मी प्लग घालून मशीनवर उभा आणि डोक्यात यमक. बेंजो. गेंजो. पेंजो. शेजारच्या मशीनवाल्याला विचारलं, बेंजोला काय जुळतं रे, तर म्हणाला, "तुझं डोकं तपासून घे." निशाने अर्ध्या मिनिटात सोडवलं. "ओळीच्या शेवटी बेंजो आणूच नका ना." बारावी शिकलीय, उगाच नाही.
झालं ते असं:
"पप्पांचा बेंजो टिडिंग बोले,
हळदीत आज्जीचं लुगडं डोले."
निशाने स्केचपेनने बेंजो काढला. तारा जास्त काढल्या, पण छान. कार्डपेपरवर चिकटवून शेवटी टेपने लावलं. पानाला बटण नाही. म्हणून आर्वी चित्रावर बोट दाबते आणि मी तोंडाने टिडिंग करायचं. बोट उचललं की थांबायचं. दुपारभर तेच चाललं. जेवतानासुद्धा. इतका हसलो नव्हतो बऱ्याच दिवसांत.

६ फेब्रु., शुक्र.
गावातच हळद. संध्याकाळी सातला सुरुवात. डाव्या कानात प्लग घातला होता, बाळादाला कळू नये म्हणून टोपी ओढून घेतली. एका कानाने वाजवायचं म्हणजे अर्धं अंदाजाने. तरी जमत होतं. बायका नाचायला उठल्या, नवरदेवाच्या आत्याने मलाच हळद फासली.
चौथं की पाचवं गाणं. निशा आर्वीला घेऊन आली होती, पोर कधी तिचा हात सोडून आत घुसली कळलं नाही. बघतो तर उजव्या बाजूच्या स्पीकरच्या बॉक्सला चिकटून उभी. दोन्ही हात जाळीवर, गाल जाळीला, डोळे मिटलेले. हसत होती. जाळी थरथरते ना, गुदगुल्या होतात.
माझे हात थांबले. गाण्याच्या मधेच. मांडवात एकदम सगळे थांबले, हातातल्या हळदीसकट. मी बेंजो ठेवला, जाऊन तिला उचललं आणि बाहेर पडलो. मागून बाळादा, "हळदीत बेंजो थांबवतान का रं? याड लागलं का तुला?" कीबोर्डवाल्याने गाणं पुढे ओढून नेलं.
आर्वी भोकाड पसरून. तिला बॉक्सपाशीच जायचं होतं.
घरी येऊन निशाला सगळं सांगितलं. दुकान, बाळ, डॉक्टर, पैंजण. ती म्हणाली, "मला वाटायचं तुम्ही मुद्दाम ऐकत नाही. टीव्ही एवढा मोठा लावता, मी किती भांडले." मग तीच म्हणाली, जे मला म्हणायचं धाडस होत नव्हतं. प्रॅक्टिस तुम्ही या खोलीत करता. ही पोर जन्मल्यापासून ॲम्प्लिफायरच्या शेजारी झोपते.
भीती वाटते. दुसरं काय लिहू.

८ फेब्रु., रवि.
ॲम्प्लिफायर माळ्यावर टाकला. बाळादा येऊन गेला. आधी चिडलेला होता, कारण सांगितल्यावर खाटेवर बसला, चहा घेतला. म्हणाला, त्याचेपण कान वाजतात, झोपताना. डॉक्टरकडे जा म्हटलं तर, "हो, हो, जाईन." जाणार नाही. पुढच्या आठवड्यात चिखलोलीला हळद आहे. "येतंस का नाय ते सांग. नायतर दुसरा बघावा लागंल." शुक्रवारपर्यंत सांगतो म्हटलं.
तेव्हाच उत्तर द्यायला तोंड उघडलं असतं तर येतो असंच निघालं असतं.

१३ फेब्रु., शुक्र.
बदलापूर. आर्वीची तपासणी. हेडफोन घालायला तयार नाही, हात झटकून टाकते. तपासणाऱ्या बाई शांत होत्या. म्हणाल्या, राहू दे, समोरच्या स्पीकरवर लावते. आर्वीला लाल मण्यांची वाटी दिली आणि एक डबा. आवाज आला की एक मणी डब्यात. आम्ही दोघं मागे खुर्च्यांवर, बोलायचं नाही, हलायचं नाही.
पहिला आवाज जाड होता. मला आला. मणी पडला. दुसरा आला, मणी पडला. तिसरा पुसट. आला बहुतेक. मणी पडला.
मग आवाज थांबले. मी काचेपलीकडे बाईंकडे बघितलं, झालं का म्हणून. आर्वीने मणी टाकला. वाटलं खेळतेय. बाईंनी काहीतरी दाबलं, आर्वीने मणी टाकला. बाईंनी दाबलं नाही, आर्वी मणी हातात धरून थांबली. दाबलं, टाकला. खोलीत मला काहीही ऐकू येत नव्हतं. मण्याचा डब्यात पडतानाचा टकटक आवाज तेवढा. निशाने माझा हात घट्ट धरला होता. तिला ऐकू येत होते सगळे.
बाई बाहेर आल्या. "छान आहेत हिचे कान. पूर्ण." माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी बघितलं नाही असं केलं.
बाहेर जिन्यात आर्वी म्हणाली, "पप्पा, तुम्हाला मणी दिलेच नाहीत." निशा म्हणाली, पप्पांचे आधी झालेत.
चिखलोलीच्या हळदीसाठी बाळादाचे दोन फोन येऊन गेलेत. तिसरा आत्ता वाजतोय, निशा फोन हातात घेऊन माझ्याकडे बघतेय.