तुझा कुटाचा डबा

आई,

तुझा कुटाचा डबा मी ओतून टाकला. दादाच्या स्वयंपाकघरात, ओट्याच्या कोपऱ्यात, तू ठेवायचीस तसाच तो अजून होता. तोच स्टीलचा, झाकणाला पोचा आलेला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुला काय रागवायचंय ते रागावून होईल आणि पुढचं तू नीट ऐकशील. माफी मागायला मी हे लिहीत नाहीये. तू जाऊन इतकी वर्षं झाली, माझी लेक तर तुझ्या मागून जन्मली, तरी तुझ्यासमोर उभं राहायचं म्हटलं की मी अजून मनातल्या मनात उत्तरं पाठ करते. आज पाठ केलेलं काही नाही. आज तोंडाला येईल ते बोलणार आहे.

आपल्या घरात कूट म्हणजे मीठच होतं. भाजीत कूट, कोशिंबिरीत कूट, आमटी पातळ झाली की कूट. बाबांना कारखान्यात नोकरी लागली आणि तू बंगळूरला आलीस, तेव्हा इथल्या सांबारात कूट नसतं याचंच तुला जास्त दुःख झालं होतं, असं बाबा चिडवायचे. मग कार्तिकात बसवनगुडीला शेंगांची जत्रा भरते, कडलेकाई परिषे, ती तुला कळली आणि तू या गावाला माफ केलंस. दरवर्षी आम्हाला बोटाला धरून तू त्या गर्दीत शिरायचीस, कानडीत घासाघीस करायचीस, पिशवी भरून शेंगा आणायचीस. दुसऱ्या दिवशी क्वार्टर्सच्या त्या चिंचोळ्या स्वयंपाकघरात लोखंडी कढई चढायची. मंद आचेवर, न कंटाळता, दाण्याचं साल आपसूक सुटेपर्यंत तू भाजत बसतेस, आणि तो वास शेजारच्या अक्कांच्या घरापर्यंत जातो. त्या दारात येऊन म्हणतात, "एनु, कूट आयता?" कूट झालं का म्हणून. तू वाटीभर त्यांना देतेस. हे सगळं मला आवडायचं, आई. ते मी नाकारत नाही.

पण दुसरंही सांगते. वांग्यानं माझं तोंड खाजायचं. एकदा त्याच अक्कांकडे जेवायला बोलावलं होतं, त्यांनी मुद्दाम तुझ्या पद्धतीची भरली वांगी केली होती, आणि मी हळूच म्हटलं, माझ्या जिभेला टोचतंय. तू त्यांच्यासमोर हसलीस, "स्वल्पच वाढलंय, संपव" म्हणालीस, आणि घरी आल्यावर मला भिंतीशी उभं केलंस. वाढलेलं पानात टाकायचं नाही. दुसऱ्याच्या घरी यात काय घातलंय म्हणून विचारायचं नाही, तो करणाऱ्याच्या हाताचा अपमान असतो. आणि खाजतं बिजतं काही नसतं, ते जिभेचे चोचले. सगळं मी ऐकून घेतलं. तेव्हापासून मी कुणाच्याही घरी, काहीही, शेवटच्या घासापर्यंत खाते. लोक म्हणतात, आईनं वळण छान लावलंय.

तर आता ऐक. तुझ्या नातीला दाणे चालत नाहीत. चोचले नाहीत, दाणा पोटात गेला की तिच्या अंगावर गांधी उठतात. ती चार वर्षांची असताना पहिल्यांदा झालं, तेव्हा पुण्यातल्या डॉक्टरांनी बजावलं, पुढच्या खेपेला याहून वाईट होऊ शकतं, आणि पेनासारखं एक इंजेक्शन कायम जवळ ठेवायला सांगितलं. ते माझ्या पर्समध्ये असतं. मेच्या सुट्टीत आम्ही दादाकडे आलो, के. आर. पुरमला, तेव्हा आल्या आल्या मी सगळ्यांना सांगितलं. मावशीही मल्लेश्वरमहून राहायला आली होती. बंगळूरच्या जुन्या मराठी घरात सून होऊन तिची इतकी वर्षं गेली, की तुला ताई म्हणणारी ती कधी अक्का म्हणायला लागली ते तिलाच आठवत नाही. मी तिला म्हटलं, मावशी, दाणे अजिबात नकोत. "सरी, सरी," ती म्हणाली, आणि खरंच तिनं दाण्यांची बरणी उचलून माळ्यावर ठेवली. खिचडी दाण्यांशिवाय केली. पानं वाढली तेव्हा मी पुन्हा विचारलं, कशात दाणे नाहीत ना? नाहीत गं, म्हणाली. खमंग काकडी वाढताना मला तिसऱ्यांदा विचारायचं होतं. जीभ रेटली नाही. पहाटे उठून प्रेमानं रांधणाऱ्या बाईला किती वेळा विचारायचं? भिंतीशी उभी केलेली ती मुलगी माझ्यात होती ना अजून.

दोन घासांनंतर लेक म्हणाली, "आई, घशात खाजतंय." मावशी प्रेमानं म्हणाली, "काही नाही पुट्टी, मिरची लागली असेल. पाणी पी आणि पान संपव." लेकीनं माझ्याकडे पाहिलं. आई, ती नजर मी ओळखते, मी त्याच नजरेनं तुझ्याकडे पाहिलं होतं. तिचे ओठ माझ्या डोळ्यांदेखत सुजायला लागले, मान लाल झाली, आणि ती खोकायला लागली तेव्हा आवाज तिचा वाटेना. मी ओरडले, "काकडीत काय घातलंयस?" मावशी गोंधळून म्हणाली, "दाणे कुठं घातलेत? स्वल्प कूट घातलंय. अक्काच्या डब्यातलं." ती खोटं बोलत नव्हती. तिच्या लेखी दाणे माळ्यावर होते.

मी ताट बाजूला सारलं, उष्ट्या हातानंच पर्स उपसली. कुणी म्हणालं कोकम द्या, कुणी म्हणालं आधी डॉक्टरांना फोन लावा, आणि मावशीनं माझं मनगट धरलं, "एवढ्याशा पोरीला सुई? थांब गं, उतरेल." मी तिचा हात झटकला. आयुष्यात पहिल्यांदा मी मोठ्या माणसाला म्हटलं, गप्प बस आणि मागं हो. नवऱ्यानं लेकीला घट्ट धरलं आणि मी ते इंजेक्शन तिच्या मांडीत फ्रॉकवरूनच दाबलं. ती किंचाळली. मला बरं वाटलं, किंचाळायला श्वास लागतो.

दादाची गाडी निघेना, गल्लीत पाण्याचा टँकर आडवा उभा. आम्ही कोपऱ्यापर्यंत पळत गेलो आणि रिक्षात बसलो. "आस्पत्रे, बेगा होगी अण्णा," मी म्हणत होते, हॉस्पिटलला लवकर चला म्हणून. किती वर्षांनी तोंडात कानडी आली, तीही ही. पुलाखाली सगळं तुंबलं होतं. लेक माझ्या मांडीवर, तिच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज, आणि मी तिला म्हणतेय, तुझं खरं आहे, बाळा, तुला खाजत होतं, तुझं खरं आहे. दुसरं काही सुचतच नव्हतं. ती मरेल असं मला वाटत होतं. हॉस्पिटलात ऑक्सिजन लावला, सलाईन लावलं, आणि तिथली तरुण डॉक्टरीण म्हणाली, इंजेक्शन वेळेवर दिलंत, थांबला असतात तर अवघड होतं. दुसऱ्या दिवशी तिला घरी सोडलं. ओठ अजून जरा जाड, आणि भूक मात्र ही एवढी.

घरी आल्यावर मी पहिलं काम केलं ते डब्याचं. मावशी दारात उभी होती, रडून डोळे सुजलेले. म्हणाली, "मला बोल हवं ते, पण तो नको ओतू. परिषेच्या शेंगा आहेत, अक्काच्याच कढईत भाजल्यात मी. तिची आठवण आहे गं." मी म्हटलं, मावशी, तुझा राग नाही मला. पण आठवण माझ्या लेकीच्या घशात अडकली होती. आणि ओतलं. डबा घासला, ओटा घासला. अन्न टाकलं, तेही तुझ्या हाताच्या रीतीचं, कचऱ्यात. काय करशील? भिंतीशी उभी करशील? कर.

काल इथं दादाच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंनी लेकीला बोलावून चिवडा पुढं केला. तिनं भर बैठकीत विचारलं, "यात दाणे आहेत का? कूट? दाण्याचं तेल?" काकू म्हणाल्या, नसावं बहुतेक. लेकीनं बशी खाली ठेवली. कुणीतरी हसून म्हणालं, लहान तोंडी मोठा घास! मी म्हटलं, बरोबर विचारतेय ती, बहुतेकवर ती खात नाही. आता मी तिला हेच शिकवणार. विचार, पुन्हा विचार, शंका आली तर पान टाकून ऊठ. करणाऱ्याचा अपमान झाला तर होऊ दे. तुझं वळण माझ्यापाशी संपलं, आई, आणि मला त्याचा अभिमान आहे.

फक्त एक आहे. हे पत्र कुणाला दाखवायचं नाही, तुझ्या फोटोपुढेही ठेवायचं नाही, तेव्हा लिहिते. लेक मला विचारते, आजी कशी होती? मी ठरवलं होतं, मोठी झाली की एकदा तुझ्या हातची काकडी तिला करून घालीन आणि सांगेन, अशी होती. ते आता कधीच व्हायचं नाही. म्हणून त्या दिवशी मावशी डोळे पुसायला आत गेली, तेव्हा मी डब्यात बोटं घातली आणि चिमूटभर तोंडात टाकलं. मग साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, दात घासले, कपडे बदलले, आणि दिवसभर लेकीची पापी घेतली नाही. कूट सुरेख होतं, आई, थेट तुझ्यासारखं भाजलेलं. तरी मी ते ओतलं.