मागे एक तरी ठेव

पास झेलायला पाच पोरं लांब पळवायची आणि मागे माझ्या नातवाजवळ कुणी म्हणजे कुणी ठेवायचं नाही, ही कुठली अक्कल रे? शुक्रवारी मी स्टँडमध्ये बसून डोळ्यांनी बघितलं. टोबीच्या हातात चेंडू आला की त्याने मान वर करेपर्यंत दोन धटिंगण त्याच्या छातीवर. तो उठला, अंगावरचं गवत झटकलं, आणि तू कडेवरून पुन्हा तीच खूण केलीस. परत लांब पास, परत आडवा. शेजारी नॉर्मा होती. तिला खेळातलं ओ की ठो कळत नाही, नुसती नाचोज खायला येते. तीसुद्धा म्हणाली, "ऑपल, तुझा मुलगा या पोरावर कसला सूड उगवतोय गं?"  

प्रिय रॉईस, फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की तू फोन उचलत नाहीस, आणि रविवारी चर्चमध्ये मला बघून मागच्या दाराने सटकलास. म्हणून हे लिहितेय. अक्षर कोंबडीचे पाय आहे, शाळेपेक्षा कापसाच्या शेतात जास्त दिवस गेले माझे. पण लागेल तुला, लहानपणापासून वाचतोयस.

तुझ्या लांब पासांना मी नावं ठेवत नाही. मांसाचा कारखाना चालू होता तेव्हा तिथल्या कामगारांच्या घरांतली बैलासारखी पोरं तुझ्या लाइनमध्ये, पुढे अडवणाऱ्या पाचांच्या रांगेत होती. ती भिंत धरायची आणि मागे पास फेकणाऱ्या क्वार्टरबॅकने डबा उघडून जेवावं इतका वेळ मिळायचा. तेव्हा जिंकलास, गावाने तो विजय पाण्याच्या टाकीवर रंगवून घेतला. मग कारखाना बंद पडला, घरं रिकामी झाली, बैल गेले. आता लाइनमध्ये कोण आहे? मध्यंतरात हेल्मेट काढून त्याच कपड्यांत बँडमध्ये ट्यूबा वाजवणारा वेन्डेल. दमेकरी एस्टेबान. बाकीचे तिघे माझ्या कुंपणाच्या काठ्या. पोरं गेली, पण तुझ्या चाली जुन्याच राहिल्या.

लाइनमधली ही पाचही दर गुरुवारी माझ्याकडे जेवतात, हे तुला ठाऊक आहे. क्वार्टरबॅकने आपल्या लाइनला जेवू घालायचं ही इथली रीत, आणि टोबीच्या आईची, शेरीची, कामाची पाळी असते म्हणून टेबल माझं. आधी काय दंगा असायचा! "आजी, ग्रेव्ही संपली." "संपेल नाहीतर काय, एस्टेबानने तिच्यात आंघोळ केलीय." टोबी म्हणायचा, "खा रे खा, तुम्ही जाड झालात तरच मी जगेन." सगळे हसायचे. मीही हसले, देव मला क्षमा करो. आता पोरं येतात, खाली मान घालून खातात, आणि निघताना माझ्या डोळ्याला डोळा देत नाहीत. मागच्या गुरुवारी वेन्डेल बशी धरून स्वयंपाकघरात आला नि म्हणाला, "आजी, आम्ही त्यांना अडवू शकत नाही. सरांना सांगितलं तर म्हणतात, मनात जिद्द नाही तुमच्या." एवढा मोठा मुलगा, बशी विसळता विसळता रडत होता.

आणि उपाय तुला माहीत नाही असंही नाही. यंदाच्या दुसऱ्या सामन्यात टोबीने तुझी चाल ऐनवेळी बदलली. पास झेलणाऱ्यांतल्या मार्कसला पळायला न पाठवता आपल्या शेजारी उभं केलं, अंगावर येईल त्याला अडव म्हणून. पुढच्या खेपेला त्या धटिंगणांना मुद्दाम आत येऊ दिलं आणि त्यांच्या डोक्यावरून मार्कसला छोटासा पास टाकला. मार्कस सुटला! तुम्ही मैदानभर पुढे सरकलात, पोराला बोटही लागलं नाही. आणि तू काय केलंस? सगळ्यांदेखत त्याची जर्सी धरलीस नि ओरडलास, "चाल मी ठरवतो, तू फक्त फेक! विद्यापीठासाठी खेळाडू निवडणारी माणसं तुझ्या हातातला जोर बघायला आलीत, तुझी हुशारी नाही." त्या दिवसापासून त्याने एकही चाल बदललेली नाही. तुझा मुलगा आज्ञाधारक आहे. गाढवही असतं.

तू ऐकशील असं मला वाटत नाही. बाप गेल्यापासून तू माझं काय ऐकलंयस? पत्र अर्धवट वाचून खणात टाकशील आणि म्हणशील, म्हातारीचं डोकं फिरलं. फिरू दे. खेळावर लिहायला मी बसलेच नव्हते, पण दुसरं लिहायला हात उचलत नव्हता म्हणून इथवर फिरत आले.

आजही गुरुवार होता. टोबीच्या डाव्या हाताला मक्याचा पाव ठेवला होता आणि तो म्हणाला, "आजी, मला पाव नाही?" मला वाटलं चेष्टा करतोय.  वेन्डेलने पावाची थाळी उचलून त्याच्या उजवीकडे सरकवली, रोजची सवय असावी तशी. तेव्हा मला कळलं. शुक्रवारच्या माराने त्याला डावीकडचं दिसेनासं झालंय, रॉईस. डोकं ठणकतं, मोठा आवाज सोसत नाही. दुखापती बघणाऱ्या ट्रेनरला त्याने ठणठणीत आहे म्हणून सांगितलं आणि पाचही जणांकडून शपथ घेतली. सरावात ती पोरं "डावीकडून, डावीकडून!" ओरडतात ना, ज्याबद्दल तू त्यांची पाठ थोपटलीस, शेवटी बोलायला लागलात म्हणून? त्याला दिसत नाही म्हणून ओरडतात. उद्याच्या सामन्यात ती भिंत धरू शकणार नाहीत, म्हणून निदान ओरडणार आहेत. आणि तू मागे कुणी ठेवणार नाहीस. त्याने मलाही शपथ घातली होती, ती मी आत्ता मोडली. तो माझ्या टेबलाशी पुन्हा बसेल असं वाटत नाही. न बसू दे. पण उद्या तो मैदानात उतरता कामा नये, आणि डॉक्टरकडे तू न्यायचंस.

तुझीच,
आई

हे पत्र वेन्डेल आणतोय. त्याच्यावर ओरडू नकोस आणि त्याच्याकडे माझ्यासाठी निरोप देऊ नकोस, शेरीलाही पुढे करू नकोस. मला उत्तर नकोच आहे. उत्तर तू टोबीला द्यायचंस, स्वतः, हळू आवाजात, आणि त्याच्या उजव्या बाजूला बसून.