अडीच वाजताचा फोन

कामोठे, गुरुवार

प्रिय शैलेश,

फोन केला तर तू उचलणार नाहीस, म्हणून लिहिते. येत्या रविवारी हृतिक प्लेऑफ खेळणार. माझा पोरगा, तुझा भाचा, ज्याला बॉल लाथाडायला तूच शिकवलंस. मला आनंद व्हायला हवा ना? काहीच होत नाही रे. दाढ काढल्यावर गाल होतो ना, तसं सगळं बधिर झालंय. डबे भरते, कपडे वाळत घालते. शेजारची रेवा माझं सांत्वन करायला येते, तर मीच तिला चहा देऊन तिच्या सुनेची चौकशी करते. आई गेल्यापासून एकदाही रडले नाही.

हृतिकची कामोठ्याची टीम स्वतःच्या जोरावर प्लेऑफमध्ये कुठे गेली? शेवटच्या दोन्ही मॅच हरून बसली होती. आधी बेलपाडा हरलं, मग सगळं तुमच्या ओवेगाववर आलं. तुम्हाला त्या शनिवारी चार वाजता नुसती बरोबरी पुरे होती, हरलात तरच कामोठ्याचा नंबर. पण तुझ्या टीममधले अकरापैकी सात आपल्याच भावकीतले. आई गेल्याचं कानावर पडलं, सुतक लागलं, सातही जण बूट काढून घरी. उरलेल्यांनी मिळतील ती पोरं उभी केली आणि पाच गोल खाल्ले. संध्याकाळी आमच्या बिल्डिंगखाली पोरं फटाके घेऊन आली होती. मला बाल्कनीत बघून गुपचूप परत गेली.

दहाव्याला काळूरामकाका सगळ्यांदेखत म्हणाले, भावनानं तीन तास दम धरला असता तं काय बिघडलं असतं, पोराचं बगितलं तिनं. तू शेजारीच उभा होतास. काकांना गप्प करशील असं वाटलं होतं. तू मान खाली घातलीस.

दवाखाना जवळ म्हणून आई महिनाभर माझ्याकडे होती. ऑफसाइड तिला जन्मात कळलं नाही, पण तुझ्या मॅचला पंचाला शिव्या घालायला तीच पुढे. त्या दिवशी जेवताना विचारलं, शैल्याची मॅच कती वाजता हाय? चार म्हटलं. मंग मना उठव, म्हणाली आणि आडवी झाली. अडीचला पाणी द्यायला गेले तर हात गार.

आता खरं सांगते. फोन हातात घेतला तेव्हा मॅच आठवली होती मला. हृतिकही आठवला. नाही आठवला असं देवासमोर म्हणणार नाही. तरी फोन लावला, कारण घरात मी एकटी होते आणि मला माझा भाऊ हवा होता. तीन तास तिच्याजवळ एकटीनं बसवलं नसतं रे. यापलीकडे माझ्याजवळ कारण नाही. पटलं तर पटलं. रविवारी मॅचला नको येऊस हवं तर, पण घरी ये. आईच्या पलंगावरची चादर अजून तशीच आहे. एकटीनं काढवत नाही.

तुझीच,
भावनाताई