एसी कमी कर

बाबा, तुम्ही गेलात तेव्हा मी बारा वर्षांची होते आणि आपल्या ताडकळसच्या घरात थंड हवेची एकच सोय होती, तो पत्र्याचा कूलर, ज्यात आई दुपारी दोनदा घागरीने पाणी ओतायची. आता आम्ही परभणीत राहतो आणि घरात एसी आहे, आणि तो तोंडी सांगितलेलं ऐकतो. हे तुम्हाला कसं समजावून सांगावं याचा मी चार दिवस विचार करते आहे, कारण ते समजल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. आईच्या खोलीत फळीवर पेल्याएवढा एक गोल डबा आहे. त्याला हाक मारून काम सांगायचं, मग तो एसीपर्यंत ते पोचवतो आणि काय केलं ते बाईच्या आवाजात सांगतो. मी रोज सकाळच्या गाडीने गंगाखेडला जाते, तिथल्या एका कॉलेजच्या कार्यालयात काम करते आणि संध्याकाळी परत येते. दिवसभर आई एकटी असते. संधिवाताने तिची बोटं आत वळली आहेत, रिमोटची बटणं तिच्याने दाबली जात नाहीत. मागच्या मे महिन्यात ती उकाड्याने चक्कर येऊन स्वयंपाकघरात पडली होती, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की दुपारी हिला गरम खोलीत ठेवू नका. म्हणून हा डबा आणला. शेजारच्या काकू पहिल्या दिवशी बघायला आल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या घरी माणसं कमी म्हणून आता हवेशी बोलायलात व्हय?" आई खूप हसली. मला ते हसणं आता सारखं आठवतं.

डबा आणला त्याच दिवशी मी एका जाड पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत तीन वाक्यं लिहिली आणि तो पुठ्ठा आईच्या कॉटसमोर टांगला. एसी चालू कर. एसी बंद कर. एसी कमी कर. आणि वर तिला बजावलं, की काहीही झालं तरी दुपारी बंद करायचा नाही, बाहेर चव्वेचाळीस डिग्री असतं. थंडी जास्त वाटली तर फक्त तिसरं वाक्य म्हणायचं. ती म्हणाली, "माझं त्याला कळंल का?" मी म्हटलं, पुठ्ठ्यावर आहे तसंच बोल, म्हणजे कळेल. हे वाक्य मी कुठून उचललं ते तुम्हाला सांगायला नको.

तुम्ही पूर्ण्याच्या तहसीलच्या आवारात टेबल टाकून बसायचात आणि लोकांचे अर्ज लिहून द्यायचात. लोक तुम्हाला अर्जनवीस म्हणायचे. मला लहानपणी धाप लागायची म्हणून चौथीपर्यंत तुम्ही मला शाळेत घातलंच नाही, घरीच शिकवलं. माझी शाळा म्हणजे स्वयंपाकघर. तिकडे आई भाकरी थापते आहे, इकडे मी पाटावर बसून तुम्ही आणलेले खराब झालेले अर्ज मोठ्याने वाचते आहे, आणि तुम्ही भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकता आहात. एक शब्द चुकला की डोळे उघडायचे. अर्जातला एक शब्द इकडचा तिकडे झाला तर माणसाला आठ दिवस खेटे घालावे लागतात, असं तुम्ही म्हणायचात. एकदा मी ताटावर बसून "आई, कमी आहे" असं म्हणाले. तुम्ही घास खाली ठेवलात. "काय कमी आहे? मीठ, तिखट, की तुझी भूक?" मी मिठाकडे बोट दाखवलं. "कमी हा शब्द एकटा सोडायचा नाही. काय कमी ते त्याच्याबरोबर गेलंच पाहिजे." मी रडले, आणि त्या दिवशी तुम्ही संध्याकाळी माझ्यासाठी हिरव्या शाईची दौत आणलीत. ती शाई मी जपून इतकी कमी वापरली की शेवटी ती तळाशी वाळून गेली.

पण त्याच स्वयंपाकघरातलं दुसरंही मला आठवतं आणि ते मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. आई मला काही सांगायला लागली की तुम्ही मध्येच म्हणायचात, "हाय नाही, आहे. मुलगी ऐकते आहे." रागाने म्हणत नव्हतात. आई हसून म्हणायची, "मग तुमीच बोला तिच्यासंगं, मी आपली भाकरी करते." हळूहळू ती खरंच तसं करायला लागली. तुम्ही घरी असलात की ती माझ्याशी हातवाऱ्यांनी बोलायची, ताट पुढे सरकवायची, डोक्यावरून हात फिरवायची. मी शुद्ध बोलायला शिकले आणि मला त्याचा अभिमान वाटायचा. हे लिहिताना मला भीती वाटते आहे की मी तुमच्यावर अन्याय करते आहे. तुम्ही मला दिलेल्या भाषेतच मी तुमची तक्रार लिहिते आहे.

मंगळवारी परीक्षेचे अर्ज भरायची शेवटची तारीख होती. खिडकीसमोर मुलांची रांग, मी मान वर करत नव्हते. फोनवर एसीचा आकडा दिसतो, म्हणजे गंगाखेडला बसूनही मला कळतं की घरी आत्ता किती डिग्री केलं आहे. साडेबाराला बघितलं तर चोवीस. थोड्या वेळाने बावीस, मग वीस. आणि बाबा, मला आनंद झाला. मी शेजारच्या टेबलावरच्या बाईंना फोन दाखवून म्हणाले, "बघा, आई शिकली." अठरा झालं तेव्हा वाटलं, आज जास्तच उकडत असेल. सोळा झालं तेव्हा मी जेवणाचा डबा उघडून बसले होते. फोन करून विचारावं असं मनात आलं होतं. मी पोळी संपवली, हात धुतले आणि परत रांगेकडे गेले.

तीन वाजता शेजारच्या काकूंचा फोन आला. आई खोलीत पडली होती. थंडीने गुडघे आखडले होते तरी कपाटातली गोधडी काढायला उठली आणि वॉकरसकट कोसळली. आवाज ऐकून काकूंनी त्यांच्याजवळच्या किल्लीने दार उघडलं. मी पोचले तेव्हा दवाखान्यात तिच्या उजव्या मनगटाला प्लास्टर घालायचं चाललं होतं. डॉक्टरांनी विचारलं, "उन्हाळ्यात इतकी गारठली कशी?" मी म्हणाले, "आईनं मशीनला उलटं सांगितलं." विचार न करता म्हणाले, आणि आई शेजारीच होती. ती डॉक्टरांकडे बघून म्हणाली, "व्हय, मलाच बोलता येत न्हाई नीट. पोरीनं लिहून दिलतं."

तिनं पुठ्ठ्यावरचंच वाक्य म्हटलं होतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. आपण पंखा कमी कर म्हणतो, म्हणजे वारा कमी. एसी कमी कर म्हणतो, म्हणजे गारवा कमी. परभणीत कुणालाही विचारलं तरी हेच सांगेल. यंत्राला गारवा कळत नाही, त्याला आकडा कळतो, आणि आकडा कमी झाला की गारवा वाढतो. मी कमी हा शब्द एकटा सोडला होता. काय कमी ते लिहिलं नव्हतं.

त्या दिवसापासून आई डब्याशी बोलली नाही. मी रजा घेऊन घरी होते, तरी मी बाजारात जाऊन आले की एसी बंद केलेला असायचा. हे काम तिनं काकूंना सांगितलं होतं. खोली भट्टीसारखी, आई घामाने भिजलेली, ओठ सुकलेले, आणि विचारलं तर म्हणायची, "राहू दे. बरं हाय असंच. माझी भाषा त्याला कळंना, उगं आणखी काही व्हायचं." डब्याशीच काय, ती माझ्याशीही कमी बोलायला लागली. मान हलवायची, ताट डाव्या हाताने पुढे सरकवायची. रजा आज संपते. उद्या मला जायचं आहे, आणि मागच्या मे महिन्यात ती फरशीवर कशी पडली होती ते मी बघितलेलं आहे.

काल दुपारी यंत्रात काही बिघाड आहे का ते बघावं म्हणून मी फोनमधली त्याची नोंद उघडली. त्याला जे जे सांगितलं ते सगळं तिथे साठवलेलं असतं, वेळेसकट, आवाजासकट. मला हे माहीत नव्हतं. मी गॅलरीत जाऊन कानात इअरफोन घालून ऐकलं. पहिल्यांदा आई पुठ्ठ्यावरचं वाचते, एकेक शब्द सुटा. एसी. कमी. कर. बाई म्हणते, ठीक आहे, चोवीस. मग आई, "आणखी कमी कर बाई, थंडी वाजायलीय." बावीस. "हां, व्हायलंय कमी. आणखी कर." वीस. आकडा उतरतो आहे तर गारठाही उतरेल, असं तिला वाटत होतं, बाबा. प्रत्येक आकड्याला तिच्या आवाजात समाधान आहे. अठरा. सोळा. मग ती बाई म्हणते की याहून कमी करता येणार नाही. त्यानंतर बराच वेळ काही नाही. आणि मग आई परत बोलते, पण आवाज वेगळा. सावकाश, ताठ, प्रत्येक अक्षर सांभाळून. "मला थंडी वाजत आहे. तरी... कमी करावी, ही नम्र विनंती."

तुमचं वाक्य. भाकरी थापताना इतकी वर्षं मी वाचलेले अर्ज तिनं ऐकले होते. तिला वाटलं, आपण हाय म्हणतो म्हणून हे ऐकत नाही. ती एकटी, सोळा डिग्रीच्या खोलीत, बोटं काखेत धरून शुद्ध बोलायचा प्रयत्न करत होती. शेवटचा आवाज आहे, "बंद करू का गं? लेक रागवंल." बाई म्हणते, मला हे समजलं नाही.

मी आत गेले. आई शेंगा निवडत होती, डाव्या हाताने. मी म्हणाले, "आई, त्या दिवशी तुझी भाषा त्याला कळली होती. सगळी कळली."

"कळली तर आइकलं का न्हाई मग?"

"ऐकलं. तू कमी म्हणालीस, त्यानं कमी केलं. पण त्याचं कमी म्हणजे आकडा."

तिनं शेंग हातात धरून विचार केला. "म्हंजी मी थंडी कमी कर म्हणायले, अन् ते आकडा कमी करायलं?"

"हो."

"लय शानं हाय की! नव्या सुनंवाणी. सांगितलं तेवढंच करायचं, माणसाकडं बघायचं न्हाई." मग तिनं समोरच्या पुठ्ठ्याकडे बघितलं. "पर पुठ्ठ्यावर तसं कशाला लिवलंस?"

मी म्हणाले, "चुकलं गं आपलं."

"व्हय, चुकलं आपलं," ती म्हणाली आणि शेंग सुपात टाकली. "आता काय म्हणू ते सांग."

मी म्हटलं, तू सांग, थंडी वाजली की तू काय म्हणशील. मी वेडी असल्यासारखी ती माझ्याकडे बघायला लागली. "थंडी वाजायलीय म्हणंन. आणखी काय म्हणायचं?" आपण ठरवू ते शब्द त्या डब्याला शिकवता येतात, हे मला आधीपासून माहीत होतं. मी तिच्या शब्दांत दोनच वाक्यं घातली. थंडी वाजायलीय म्हटलं की अठ्ठावीस. उकडायलंय म्हटलं की चोवीस. पुठ्ठा काढून ठेवला. आईनं लांबूनच, पदर सावरत, कुणा पाहुणीला सांगावं तसं सांगितलं, "थंडी वाजायलीय गं." बाई म्हणाली, ठीक आहे, अठ्ठावीस. आई म्हणाली, "आता कसं!" आणि लगेच, "उकडायलंय." चोवीस. तिनं पाच-सहा वेळा करून बघितलं. मग काकूंना हाक मारून बोलावलं आणि त्यांनाही करायला लावलं. काकू म्हणाल्या, "माझ्या नवऱ्याला असं शिकिवता येतं का विचार की त्याला." दोघी हसल्या. उद्या मी गेल्यावर ती ते वापरेल, असं वाटतं. तरी मी काकूंना दुपारी दोनदा डोकवायला सांगितलं आहे आणि जेवायच्या आधी फोन करायचं ठरवलं आहे.

आज सकाळपासून हे लिहिते आहे. हे कुठे पाठवायचं नाही, पाठवण्यासारखी जागाही नाही, आईला दाखवायचं तर धाडस नाही. पण एक गोष्ट कुठेतरी लिहून ठेवायला हवी. आईनं कशाला लिवलंस म्हणून विचारलं तेव्हा उत्तर एका शब्दाचं होतं, माझं. माझं चुकलं. मी आपलं म्हणाले. तिनं त्यातली अर्धी चूक लगेच स्वतःकडे घेतली, आणि मी ती तिच्याकडून अजून परत मागितलेली नाही.