डिस्कचं सोवळं

२८ फेब्रुवारी २०१६, रविवार

पुन्हा पुसलं यांनी! आमच्या स्वरदाच्या लेकीच्या बारशाचे सगळे फोटो. चहा पीत पीत! कॉम्प्युटर भरला म्हणे, जागा करत होतो. तीस वर्षं कचेरीत जुन्या फायली निकाली काढल्या, आता घरातल्या काढतायत. वर मलाच — "अगं, आपल्या स्वरदाकडे असतीलच की!"

आहेत तिच्याकडे, नशीब. पण सासूबाईंचा आवाज? तो तर आमच्याच कॉम्प्युटरवर. त्या जायच्या आदल्या वर्षी स्वरदानं त्यांना बोलतं करून सगळा कुळाचार भरून ठेवलाय — महालक्ष्म्या कशा बसवायच्या, सोळा भाज्या कोणत्या, गुढीला नैवेद्य काय. मी कधी लिहून घेतलं नाही. त्या होत्या ना! आता एवढंच राहिलंय, आणि हे त्याच्याशेजारी केरसुणी घेऊन बसलेले.

२९ फेब्रुवारी

स्वरदाला फोन केला. रविवारी येते म्हणाली. तोवर कॉम्प्युटरची वायर काढून माझ्या पातळांखाली ठेवली.

६ मार्च, रविवार

स्वरदा शेंद्र्याच्या एका कंपनीत कॉम्प्युटरचंच काम करते. बसली आणि तासाभरात डिस्कचे दोन भाग केले. एकात काय तो गोंधळ घाला. दुसऱ्यात सासूबाईंचा आवाज; तिथलं ऐकता येईल, बघता येईल, पण आत काही टाकता येणार नाही, बदलता येणार नाही, पुसता तर नाहीच नाही.

"म्हणजे सोवळ्यातला," मी म्हटलं. "दुरून बघायचं, शिवायचं नाही."

इतकी हसली! "आई, आमच्या साहेबांना हे समजावायला मला अर्धा दिवस लागला होता गं."

कुलूप लावणार, तेवढ्यात हे — "थांबा. माझंही एक ठेवायचंय आत." दार लोटून दहा मिनिटं बसले. बाहेर आले ते मिशीतल्या मिशीत हसत.

कुलपाचा परवलीचा शब्द एकट्या स्वरदाकडे. तिला बजावलं — कुणीही मागितला तरी द्यायचा नाही. मी मागितला तरी नाही!

९ मार्च

परीक्षा घेतली. "पुसा बघू सासूबाईंना," म्हटलं. यांनी बटण दाबलं. खाट्कन पाटी आली — राइट प्रोटेक्टेड! पुन्हा दाबलं, पुन्हा पाटी. यांचं तोंड बघण्यासारखं झालं. देवापुढे साखर ठेवली.

सोवळ्याला हात लावायचा तर हात धुऊन, असा नियम केला. हे म्हणाले, "टँकर सहा दिवसांनी येतो, आणि तुझ्या कॉम्प्युटरला आचमन!" खरंय म्हणा. ओल्या फडक्यानं पुसले तरी चालतील असं ठरलं.

१५ मार्च

टँकर आला. पाठ मोडली. समोर आणखी एक सात मजली उठतेय. आमच्या मुकुंदवाडीत माणसं वाढतात, पाणी तेवढं वाढत नाही.

दुपारी सोवळ्यातला भाग उघडला, तर सासूबाईंच्या 'कुळाचार'च्या डोक्यावर एक फाईल — 'कटकट'!

"हे हो काय?"

"नावातच लिहिलंय."

कचेरीचं रडगाणं असणार, दुसरं काय! तेही सोवळ्यात! मी पुसायला गेले — पाटी. स्वरदाला फोन लावला.

"तो परवलीचा शब्द सांग."

"तूच म्हणालीस, मी मागितला तरी नाही."

"अगं, पण बाबांनी आत घाण करून ठेवलीय!"

"सोवळं म्हणजे सोवळं, आई." ठेवला फोन कार्टीनं!

२१ मार्च

कटकट अजून तिथंच. मी तिच्याकडे बघत नाही.

८ एप्रिल, पाडवा

चष्मा देवघरात राहिला. नैवेद्याचं ऐकायला गेले, बोट एक ओळ वर, 'कटकट'वर पडलं.

माझाच आवाज! तीन वर्षांमागच्या दुष्काळातला. "अहो, तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला! मोरीत नाही!" मग भांडी. मग मी स्तोत्र म्हणतेय, मध्येच "नळ आला का बघा", पुन्हा स्तोत्र. मागं सासूबाई खुदुखुदु हसतायत. आणि शेवटी, अगदी जवळून, यांचा हळू आवाज — "हे पुसायचं नाही."

हे गच्चीवर गुढीला गाठ्यांचा हार बांधत होते. स्वरदाला फोन करून सांगितलं — तो शब्द तू विसरलीस तरी चालेल.