पाडायची भिंत

कुंभकोणम्
२२ एप्रिल २०२४

ती. सौ. जयाअक्कास शेषाद्रीचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

इकडे सर्व क्षेम. कावेरीत सध्या वाळूच वाहते आहे. तुझ्या कानांमुळे फोनवर मला ओरडावं लागतं आणि आपलं सगळं शेजाऱ्यांना कळतं, म्हणून हे पत्र.

सौम्याने दहावीची परीक्षा संपताच आडुतुरैच्या रस्त्यावरच्या प्रशिक्षण केंद्रात नाव घातलं. बांधकामाची तोंडओळख म्हणे: विटा रचा, नळ जोडा, वायरी ओढा. इथल्या आपल्या मराठी समाजात मी ‘सिव्हिल इंजिनिअरिंगची पूर्वतयारी’ असं सांगितलं आहे, तूही तसंच सांग. ज्या घराण्याने तंजावरच्या दरबारात दिवाणगिरी केली, त्या घरची मुलगी थापी घेऊन उन्हात उभी, हे मला बघवत नाही.

याच केंद्राचा पुढचा वर्षभराचा वर्ग चोळपुरम्‌ला असतो, तो तिला करायचा आहे. मी तिच्यासाठी अकरावी कॉमर्सची जागा धरून ठेवली आहे. फार रडारड झाली, तेव्हा अट घातली. तिच्या हातची भिंत वर्ग संपल्यावरही उभी राहिली तर चोळपुरम्, नाहीतर कॉमर्स. भिंत पडेल याबद्दल मी निश्चिंत आहे.

लोभ आहेच, सल्ला न दिल्यास अधिक वाढेल.

तुझा,
शेषाद्री


चेन्नै
२९ एप्रिल

चि. शेषाद्रीस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून बरं वाटलं, कारण आपले खापरपणजोबा प्रगती करताहेत. तू शाळेत होतास तेव्हा ते दरबारातल्या हत्तींच्या चाऱ्यावर देखरेख करत. तुला नोकरी लागल्यावर ते दफ्तरदार झाले. तू निवृत्त झालास आणि ते दिवाण झाले. तुला दीर्घायुष्य लाभो, म्हणजे ते गादीवरही बसतील.

पोंगलच्या मेळाव्यात श्रमप्रतिष्ठेवर भाषण करून चित्रफीत मला पाठवणारा माणूस तूच ना? भाषण उत्तम होतं. एकदा ते घरीही ऐकव.

रक्तदाबाची गोळी चुकवू नकोस. मायेत अंतर नाही, हे तुला ठाऊकच आहे.

अक्का


कुंभकोणम्
१७ मे

ती. सौ. आत्यास सौम्याचा सा. न. वि. वि.

माझी भिंत पूर्ण झाली. ओळंबा लावून कृष्णमूर्ति सरांनी दोनदा तपासली आणि मान डोलावली. आमच्या वर्गात एवढंच कौतुक मिळतं. मागच्या आठवड्यात अप्पा ‘सहज’ आले, आणि कुणी बघत नाहीसं पाहून त्यांनी भिंतीला खांदा लावून ढकललं. भिंत हलली नाही. तेव्हापासून ती ‘आपली भिंत’ झाली आहे.

आता खरी पंचाईत सांगते. अप्पांनी ग्रॅनाइटची शिळा कोरायला दिली आहे, सात पिढ्यांच्या नावांची, मोडीत आणि तमिळमध्ये. तंजावरच्या थोरल्या देवळावर मराठीत लेख आहे, मग आपल्या भिंतीवर का नको, असं म्हणतात. वर्गाच्या शेवटच्या दिवशी नादस्वरम् ठरवलं आहे आणि समाजाला आमंत्रण गेलं आहे.

पण आत्या, सरावाच्या भिंतीत आम्ही सिमेंट घालतच नाही, चुना-वाळूचा सहज सुटणारा गारा असतो. शेवटच्या दिवशी ती ज्याची त्याने पाडायची. विटा न फोडता काढण्याला गुण असतात, आणि त्याच विटा पुढच्या तुकडीला मिळतात. अप्पांना सांगितलं, तर म्हणाले पाडतात त्या नापासांच्या. पाडली तर त्यांची अट मोडते. नाही पाडली तर मी नापास. मला चोळपुरम्‌ला जायचं आहे. काय करू?

पत्राची वाट बघते. मनात मला जागा असू द्या.

सौम्या


चेन्नै
२१ मे

चि. सौम्यास अनेक आशीर्वाद.

तुझ्या बापाला पुन्हा एकदा सांग. ऐकणार नाही, पण सांगितलं नाही असं व्हायला नको. मग तुझ्या कामाचा जो नियम असेल तो पाळ. मी शेषाद्रीची बहीण आहे, त्याच्या शिळेची नाही.

विटा जपून काढ. माझं सगळं लक्ष तुझ्याकडे आहे.

आत्या


कुंभकोणम्
१ जून

ती. सौ. जयाअक्कास सा. न. वि. वि.

समारंभ काल पार पडला. मी रेशमी वेष्टी नेसून, शिळा ऑटोत घालून, समाजाचे नरसिंहराव वगैरे मंडळींना घेऊन पोचलो. कृष्णमूर्ति सरांनी हात जोडून नियम सांगितला. मग माझ्या तोंडाकडे बघून बिचारे म्हणाले की राहू दे ही भिंत, विटांचं काहीतरी करू. मी मान डोलावणारच होतो.

इतक्यात सौम्या हातोडी-छिन्नी घेऊन पुढे आली. म्हणाली, “अप्पा, सोमवारी नवी मुलं येणार आहेत. त्यांना विटा लागतील. मी कॉमर्सला जाईन.” आणि तिने वरच्या थराला छिन्नी लावली.

वाजवायचं की नाही, असं नादस्वरवाल्याने मला खुणेने विचारलं. मी वाजव म्हटलं. मग मला उभं राहवेना. वेष्टी खोचली आणि ती काढेल ती वीट खाली घेऊ लागलो. नरसिंहरावांना वाटलं हा विधीच आहे, तेही रांगेत आले.

अक्का, मला रडू आलं. आज सकाळी कॉमर्सची जागा सोडून आलो. ती चोळपुरम्‌लाच जाईल, पोचवायला मी जाईन.

तिचा पहिला नंबर मात्र हुकला. दोन विटा फुटल्या, त्यांचे गुण कापले गेले. दोन्ही माझ्या हातून सुटल्या होत्या. तिने सरांना तसं सांगितलं नाही.

रागावली असलीस तरी माया राहू दे.

तुझा,
शेषाद्री