कोरडा हात

माय, तुला वाचता येत नव्हतं, अन मला दुसरीपुरतंच लिहिता येतं. तरी लिहिते. आज घरात जे झालं ते तुझ्याशिवाय कुणाला कळायचं न्हाई.

माझी नात बीडला कॉलेजात शिकते. सुट्टीला आली अन माझं जुनं सूप मागून बसली. त्याला दोन तांब्याच्या पट्ट्या ठोकल्या, त्यांना ती सेन्सर म्हणते. खाली वायरी, नखाएवढी चिप, मोडक्या रेडिओचा स्पीकर. एकीनं एका पट्टीवर हात ठेवायचा, दुसरीनं दुसऱ्या, अन मोकळ्या हातांनी एकमेकींना धरायचं. मग सूप गातं. घट्ट धरलं की आवाज चढतो, सैल सोडलं की उतरतो. मी म्हणलं, "करंट देऊन म्हातारी खपवतीस का?" तर म्हणे, "घड्याळाच्या सेलावर चालतंय आजी. एवढ्यानं तू मरतीस व्हय!" जीभ माझ्यावरच गेली हाय.

तिनं अन सुनेनं हात धरले, सूप पिपाणीसारखं वाजलं. मी नातीचा हात धरला तर चिडीचूप. आवळून धरला, तरी न्हाई. पोरीचं तोंड उतरलं. परवा हे कॉलेजात मांडायचंय, अन येईल त्याच्या हातानं वाजलं पाहिजे. मला मात्र राग आला. जन्मभर ऊस तोडलेला हात हा, अन सूप त्याला वळखीना? मग मीच शोध घ्यायला बसले. दोघींच्या मधी वाळली भाकर धरायला लावली, गप. ओलं फडकं दिलं, वाजलं. शेळी ओढून आणली. एकीनं तिचा एक कान धरला, दुसरीनं दुसरा, तर गप. दोघींनी नाकाला बोट लावलं तर सूपबी ओरडलं अन शेळीबी.

"शेळीचं नाक चालतंय अन माझा हात न्हाई?"

"तुझ्या हाताला ओलच न्हाई आजी. नुसते घट्टे हायेत."

तवा तू आठवलीस. ऊसतोडीच्या पहिल्या सालीच फडात तू माझ्या हाती कोयता देतेस, मी तो तसाच धरते, अन तुझा धपाटा पाठीत बसतो. "आधी थुक हातावर! कोरड्या मुठीतनं कोयता सुटला तर पाय जाईल." झालं. मी दोन्ही तळहातांवर थुकले, चोळले, अन नातीचा हात धरला. सून "शी!" म्हणून बाजूला झाली. सूप असं किंचाळलं की शेळी दावं तोडून निघाली. नातीनं वहीत लिहून घेतलं, पट्ट्यांजवळ पाण्याची वाटी ठेवायची. थुका म्हणून कॉलेजात सांगता येत न्हाई म्हणे.

मग मला नादच लागला. दुपारची भाकर व्हईस्तोवर मी तिचा हात सोडला न्हाई, किती दाबलं की किती चढतं ते बघत बसले. तुझा हात असा कधी धरल्याचं मला आठवंना. तू कोयता दिलास, मोळी दिलीस, धपाटा दिलास. नुसता हात कधी न्हाई.

हा कागद कुणाला दाखवायचा न्हाई, ज्वारीच्या कोठीत ठेवते. एक मात्र सांगायचं राहिलं. शेवटी तू खाटेवर होतीस, बोलणं बंद झालतं. तू माझ्याकडं हात पुढं केलास. तहान लागली असंल म्हणून मी त्यात तांब्या दिला. तू तो बाजूला सारलास अन हात पुन्हा तसाच पुढं. "नको तर हात कशाला करतीस?" म्हणून मी खेकसले, अन चुलीकडं गेले.